पाळकाच्या खिशातली गोळी

मी भित्री आहे, हे पहिलेच सांगते. उंद्री गावात सरकारी दवाखान्याची आशाताई म्हणून दारोदार फिरते, कोणालेही फाडकन बोलते, पण आतून भेतेच. अन् हे भेव माया नवऱ्यानं, सहदेवनं, माया मागं लावलं.

मलकापुरात यायले, माया नवऱ्याले, शाळेत शिपायाची पक्की नोकरी होती. सहा वर्षांमागं चर्चच्या उपासनेत गुडघ्यावर असताना यायले दर्शन झालं. प्रभू म्हणाला, उंद्रीले जाय. झालं, नोकरी सोडली. यायच्या भावानं बोलणं सोडलं. सासूबाई वारल्या तेव्हा निरोपसुद्धा माती झाल्यावर आला. मी म्हटलं, "तुमच्या प्रभूले मलकापुरात काही काम दिसत नव्हतं का?"

इथं हे पाळक म्हणून प्रार्थना घेऊ लागले. आमच्या पुढच्या खोलीत रविवारी वीस-बावीस माणसं जमत. बहुतेक भाजी पिकवणाऱ्या बाया. कोणाचं पोट दुखे, कोणाचं डोकं. हे कपाळाले तेल लावून प्रार्थना करत, लोकायले बरं वाटे. हळूहळू यायचं नाव झालं.

यायले स्वतःले साखर आहे. रोज दोन गोळ्या लागतात. पण कोणी पाहिलं तं म्हणतील, पाळकाचाच विश्वास कच्चा. म्हणून गोळ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायच्या अन् जेवणाआधी चोरून घ्यायच्या. हे लपवणं यायले मीच शिकवलं. जगाले गोळ्या घ्या म्हणून सांगणारी मी.

मागच्या ऑगस्टात एका गुरुवारी उपकेंद्राच्या नर्स मॅडमसोबत मी सुभद्राबाईच्या घरी गेले. साठीची बाई, वांग्या-टमाट्याचं वावर, दर रविवारी आमच्याकडं सगळ्यांत पुढं बसणारी. मॅडमनं हाताले पट्टा बांधला. बीपी दोनशे दहा निघाला. मी तिचा डबा उघडला तं महिन्याच्या गोळ्या जशाच्या तशा.

"काऊन हो आजी?"

"पाळकबुवानं तेल लावलं ना. गोळी घेतली तं माया प्रभूवर भरोसा नाही असं होईल."

बोलताना तिची जीभ जड झाली होती, डावा हात बधिर. मी एकशे आठले फोन लावला. तिचा पोरगा हर्षल शांतपणे म्हणाला, "ताई, मायले काही झालं तं मी तुमच्या घरी येईन. एकटा नाही येणार."

अँब्युलन्सची गाडी पोचायले वेळ होता. मॅडम तिच्यापाशी थांबल्या अन् मी घरी पळत सुटले. "उठा, कपडे घ्या. भेटंल त्या बसनं मलकापूरले निघू." म्हातारी गेली तं यायले अंगणात ओढून मारतील, असं मले खरंच वाटत होतं.

यायनं सगळं ऐकलं, चपला घातल्या अन् उलटे सुभद्राबाईच्याच घरी निघाले. मी मागून सदरा धरला तं बाहीची शिवण उसवली. तरी थांबले नाहीत.

अंगणात निम्मी गल्ली जमली होती. हे खाटेपाशी बसले. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून सगळ्यांसमोर धरलं. "आजी, मी रोज गोळी खातो. चोरून खातो. तेल निशाणी आहे, दवा नाही. मायं मोठेपण जाईल म्हणून मी हे सांगितलं नाही."

"मले तेल, अन् तुले गोळी?" सुभद्राबाई एवढंच बोलली. हर्षल पुढं झाला. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात गाडी आली अन् सगळे तिले उचलायले धावले.

बाई वाचली. चिखलीच्या दवाखान्यात आठ दिवस राहून आली. हात जरासा ओढतो, पण वावरात जाते, गोळी घेते. आम्हाले मारलं कोणी नाही, शिवीसुद्धा दिली नाही. फक्त रविवारी आमच्याकडं येणं सोडलं, एकूणएकानं. "आता सतरंजी कशाले आंथरता?" मी खवळून म्हणते. तरी हे सगळ्या सतरंज्या आंथरतात अन् मी एकटी समोर बसते.

मागच्या रविवारी यायनं गाणं अर्ध्यातच थांबवलं. "रेवती, खरं सांग. त्या दर्शनात प्रभू माया संगं बोलला असंल, का मीच माया संगं बोललो?"

हाच प्रश्न मी सहा वर्षं रागारागानं यायले विचारत आले. त्या दिवशी यायच्या तोंडून ऐकला अन् मले हर्षलच्या बोलण्यापेक्षा जास्त भेव वाटलं. "तोच बोलला," मी म्हटलं. मले काही माहीत नाही. पण नाही म्हटलं असतं तं या माणसापाशी काहीच उरलं नसतं.