ठोक्या थांबत नाही

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे ठोक्या म्हणायचे. ताट असो, दार असो, नाहीतर माझं डोकं, त्याची बोटं म्हणून गप्प बसायची नाहीत. आई वैतागून ओरडायची, "मेल्या, जरा दम धर की!" पुढे त्याच बोटांवर त्यानं पोट भरलं. एका हॉटेलात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी पाच जणांचा वाद्यवृंद वाजायचा. तिथे तो तेहेतीस वर्षं ड्रम वाजवत होता.

शहाणपण म्हणाल तर त्याच्याकडे एकच होतं. गाणारा शब्द विसरला, गिटारवाला घसरला, तरी ड्रमवाल्यानं थांबायचं नाही. ठेका चालू ठेवायचा, चुकलेला माणूस आपणहून येऊन मिळतो. तुम्ही थांबलात तर मात्र सगळेच तोंडावर आपटतात. आणि हे तो हॉटेलापुरतं ठेवायचा नाही. बाबा गेले तेव्हा चौथ्या दिवशी त्यानं मला हाताला धरून शिवणयंत्रावर नेऊन बसवलं. माझा संसार मोडला आणि मी परत आले, तेव्हाही तेच. "सहाला ऊठ. नऊला दुकान उघड. रडायचं तर शिवता शिवता रड." मला त्याचा असा संताप यायचा म्हणून सांगू! पण खोटं कशाला बोलू, मी तगले ती त्यामुळेच.

मग वहिनीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "ठेक्यावर पाऊल टाकायला लावून बघा, काही जणांना फायदा होतो." झालं! दादाला आणखी काय हवं होतं? तो दोन काठ्या घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि वहिनी भिंतीला धरून चालायची. पलंगापासून मोरीपर्यंत चौदा पावलं. तिला तेवढंच हवं होतं. मोरीत कुणीतरी धरून न्यायचं, यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पहिल्या आठवड्यात तीन पावलं झाली. मग सहा, मग अकरा. पाऊल चुकलं की ती दादाकडे बघायची. तो नुसती मान हलवायचा, हात थांबवायचा नाही. आणि ती पुढचा ठोका पकडायची, खरंच पकडायची! मी हातातलं शिवण विसरून बघत राहायचे.

"अहो, जरा हळू," ती अडखळत म्हणायची.

"मी हळूच आहे. तूच कुठे पळत सुटलीयस?"

की लागली हसायला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, पण यांची थट्टा काही संपत नव्हती.

ती पडली त्या दिवशी तेरा पावलं झाली होती. चौदाव्याला उजवा पाय सरकला. मी दारात उभी होते. तिनं भिंतीवर हात टेकला, तो निसटला. तिनं मान वळवून दादाकडे बघितलं. आणि दादा वाजवत होता. डोळे तिच्यावर, मान हलतेय, हात चालू. आता पकडेल, आता पकडेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"अरे, धर तिला!" मी किंचाळले. तोवर ती खाली आली होती. खुब्याचं हाड मोडलं.

टेबल तिच्यापासून दोन हातांवर होतं. काठ्या टाकून उठला असता तर पोचला असता. दवाखान्यात मी त्याला नाही नाही ते बोलले, माणसांसमोर बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

शस्त्रक्रिया झाली, पण वहिनी पुन्हा उभी राहिली नाही. दादानं हॉटेलचं काम सोडलं. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकदा वहिनीनं मला जवळ बोलावलं. "वन्सं, त्यांना सांगा... माझा पाय ओला होता." मी जाऊन सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मग एका दुपारी मी तिच्या उशाशी बटणं लावत बसले होते. दादा समोरच्या खुर्चीत. वहिनीनं डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर वाजवायला सुरुवात केली. चार ठोके, तेही वेडेवाकडे. मग थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पुन्हा चार. पुन्हा थांबली. दादानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"वाजव ना रे!" मी म्हणाले. पण त्याचे हात काही निघाले नाहीत. ती चार ठोके देत राहिली, वाट बघत राहिली. शेवटी दमून झोपली. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

आता तो माझ्या दुकानात येऊन बसतो, काजं करतो. परवा माझ्याच्यानं राहवलं नाही. मशीन थांबवून विचारलं, "दादा, तेव्हा का नाही वाजवलंस?"

त्यानं सुई कापडात खोचली. "मला वाटलं, मी वाजवायला लागलो तर ती उठून चालायला जाईल."

"अरे, तिला कुशीवर तरी वळता येत होतं का? तिला नुसतं ऐकायचं होतं."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "तेव्हाही माहीत होतं."