सोड म्हटलं की सोडायचं

माझ्या थोरल्या भावाच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नाही. दादा जेवताना दोनदा उठतो, एकदा मीठ आणायला आणि एकदा ते परत ठेवायला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे दिवसभर वर-खाली. वहिनी म्हणते, "माणूस आणि धंदा, जोडी बरी जमली."

एवढं वर-खाली करून तरी माणसाने संध्याकाळी घरी यावं की नाही? हा जातो बाजारामागच्या पार्किंगच्या इमारतीत. तिच्या दुसऱ्या मजल्यावर आता गाड्या येत नाहीत. दोन खांबांना जाळी बांधून तिथे तो पोरापोरींना व्हॉलीबॉल शिकवतो. पोरं कसली, तर शाळेने काढलेली, पोलिसांनी एकदा तरी उचललेली, घरात कोणी वाट बघत नसलेली. कोर्टाच्या एक बाई आहेत, त्या पाठवतात. मी म्हटलं, "दादा, ही नसती उठाठेव आहे. आधी घरची दोन बघ."

"घरची दोन कुठे झोपतात ते मला माहीत असतं," तो म्हणाला आणि चप्पल घालून निघालाही. त्याच्याशी भांडायचं तर पळत पळत भांडावं लागतं.

मी शिवणकाम करते. एकदा जाळी फाटली म्हणून मला बोलावलं, आणि ते काम गळ्यातच पडलं. रोज संध्याकाळी मी तिथे खोक्यावर बसून काहीतरी शिवत असते आणि या लोकांची बडबड ऐकते. त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'सोड'.

चेंडू रेषेबाहेर चाललाय असं मागच्याला दिसलं की त्याने ओरडायचं, "सोड!" पुढच्याने हात मागे घ्यायचा. चेंडू बाहेर पडला तर गुण आपला. हे सगळीकडेच असतं. दादाचा नियम याच्या पुढचा आहे. सोड म्हटलं की सोडायचंच, आणि चेंडू आत पडला तर दोष ओरडणाऱ्याचा. सोडणाऱ्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही. शिवाय नाव घेऊन ओरडायचं. "नुसतं सोड सोड काय करता? कोणी सोडायचं?" असं तो रोज सगळ्यांच्या डोक्यावर नाचून सांगतो.

हा नियम सगळ्यांनी मानला, एक पोरगी सोडून. तिला सगळे कुलूप म्हणायचे. एक तर ती स्कूटरची कुलपं उघडताना सापडली होती, आणि दुसरं म्हणजे तोंड उघडायची नाही. एका दोस्तासाठी ती हे उद्योग करायची. पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, "तू इथेच थांब, मी आलोच." ती थांबली. तो काही आला नाही. त्यानंतर ती कोणाच्या सांगण्यावरून काहीच करत नसे. चेंडू भिंतीपलीकडे रस्त्यावर चाललेला असला तरी धावत जाऊन मारायची. पोरं कपाळावर हात मारून घेत. मला तर उठून तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटे. दादा म्हणे, "राहू दे. सोडेल."

कोर्टाने तिला वर्षभराची मुदत दिली होती. वर्षात एकही मारामारी झाली तर सुधारगृह. शेवटचा महिना उरला होता, आणि दादाची भिंगरी दुप्पट वेगाने फिरत होती. रस्त्यावर कोणाचा आवाज चढला तरी हा कठड्याशी.

त्या संध्याकाळी खेळ संपला. जाळी ताणायचा लोखंडी गज खाली वॉचमनच्या खोलीत ठेवायचं काम कुलपाकडे होतं. ती गज घेऊन उतरली. आम्ही जाळी गुंडाळत होतो, तेवढ्यात खालून आरडाओरडा आला. कठड्यावरून पाहिलं तर तोच दोस्त. स्कूटर आडवी लावून त्याने तिचं मनगट धरलं होतं. "एकच काम कर, मग मोकळी," असं काहीतरी म्हणत होता. तिने दुसऱ्या हाताने गज उचलला, अगदी डोक्याच्या वर.

"सोड!" दादा ओरडला, आणि उताराकडे धावत सुटला.

मी वरून बघत होते. तिने गज टाकला. फरशीवर त्याचा आवाज झाला. त्या पोराने हातातलं हेल्मेट तिच्या हातावर घातलं आणि वॉचमन बाहेर येईपर्यंत पसार झाला. दादा पोचला तेव्हा ती हात पोटाशी धरून उभी होती, रडत नव्हती.

हाड मोडलं होतं. वॉचमनने पाहिलेलं सगळं सांगितलं, गज कसा टाकला तेही, आणि कोर्टाच्या बाई म्हणाल्या, हिच्यावर काही येणार नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. दादा मात्र पिंजऱ्यात कोंडल्यासारखा घरात फिरत राहिला. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग मुलांच्या सायकलला, मग पुन्हा बिजागऱ्यांना. शेवटी मी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

"मी तिला नव्हतं म्हटलं," तो म्हणाला.

"काय?"

"सोड. मी त्या पोराला म्हटलं. हात सोड तिचा, म्हणून. तिने गज हाणला असता तरी मला त्या वेळी चाललं असतं. तिने पहिल्यांदा कोणाचा शब्द ऐकला, आणि तो तिच्यासाठी नव्हताच. वर हात मोडून घेतला."

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलू नकोस."

"मुठीत काय आहे ते मला माहीत आहे ना," तो म्हणाला आणि बाटली परत घेतली.

ती येईल असं मला वाटत नव्हतं. पुढच्या आठवड्यात आली, प्लास्टर गळ्यात अडकवून. ती सरळ दादासमोर उभी राहिली.

"मिस्त्री, चेंडू आत पडला."

नियम म्हणजे नियम. "दोष माझा," दादा म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर सगळं निभावलं असतं. मी खोक्यावरून डोळ्यांनी खुणा करत होते. पण हा माणूस कधी थांबलाय? "मी तुला म्हटलं नव्हतं," त्याने सांगून टाकलं. "त्याला म्हटलं होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सुई माझ्या बोटात घुसली ते मला नंतर कळलं. मला वाटलं, आता ही पाठ फिरवेल आणि पुन्हा दिसायची नाही, आणि तिला बोल तरी कोणत्या तोंडाने लावायचा?

"मग नाव घेऊन ओरडायचं ना," ती म्हणाली. "आम्हाला रोज सांगता."

कोणीतरी फिसकन हसलं. ती येऊन माझ्या शेजारच्या खोक्यावर बसली आणि चांगल्या हाताने माझ्या मांडीवरचा शर्ट ताणून धरला, मला टाका घालता यावा म्हणून.

दादा आमच्याकडे पाठ करून जाळी बांधायला गेला. जाळी बांधलेलीच होती.