पुढाऱ्यांचा स्वभाव आणि आमचे पन्नास प्रश्न

लोकांना स्वभाव विचारत फिरलं की उत्तरं फॉर्मवर राहतात आणि किस्से आपल्यासोबत घरी येतात. मी मंगरूळपीरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आमच्या विभागप्रमुखांनी मागे एक प्रोजेक्ट काढला: आसपासच्या पुढाऱ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी. पन्नास प्रश्न, पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. सोपं वाटलं होतं.

*

पहिले भेटले पंचायत समितीचे एक माजी सदस्य. मी विचारलं, “तुम्हाला राग लवकर येतो का?”

“खरा का दाखवायचा?”

“खरा.”

“खरा येतच नाही. दाखवायचा रोज लागते. मी कोणाले फोनवर झापलं नाही, तर लोकाईले वाटते काम केलंच नाही.”

“पण झापता कोणाला?”

“कोणालेच नाही. फोन बंद राह्यते.”

मी ‘हो’वर खूण केली, खोडली, मग ‘नाही’वर केली. तीही खोडली.

*

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर सरपंचबाईंना प्रश्न विचारले की उत्तरं त्यांचा नवरा द्यायचा. शेवटी मी त्याला चहा आणायला पाठवलं. बाईंनी भराभर पन्नासही उत्तरं दिली, सगळी त्याच्या उलट. तो परत आल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, यायचाबी फॉर्म ठेवा. सही कराले मी लागते, भांडाले हे लागतात.”

कोणता फॉर्म सरपंचांचा म्हणून लावायचा, हे आमच्या सरांनाही अजून ठरवता आलेलं नाही.

*

चाचणीत एक फॉर्म पुढाऱ्याला जवळून ओळखणाऱ्याने भरायचा होता. धनजच्या एका नेत्याचा फॉर्म मी त्याच्या सख्ख्या भावाला दिला. त्याने लिहिलं: खोटारडा, गर्विष्ठ, भित्रा. मग त्या नेत्याच्या विरोधात दोनदा लढलेल्या माणसाला दिला. त्याने लिहिलं: प्रामाणिक, मायाळू.

मी त्याला विचारलं, “मग तुम्ही विरोधात काहून लढता?”

“माणूस चांगला आहे, मॅडम. पार्टी बेकार आहे.”

भावाला विचारलं, “तुम्ही मत कोणाला देता?”

“त्यालेच. भाऊ आहे ना.”

*

शेवटचे भाऊसाहेब. पंधरा वर्षं निवडून आले, मागच्या वेळी पडले. आता गावाबाहेरच्या मळ्यात वांगी लावतात. फक्त एका प्रश्नाला हो-नाहीपुढे नावासाठी रिकामी जागा होती: ‘मनातलं बोलता येईल असं कोणी तुमच्याजवळ आहे का?’

“हजारेक असतीन,” ते हसून म्हणाले.

“एकाचं नाव लिहायचं आहे.”

त्यांनी वाकून एक वांगं खुडलं. मग म्हणाले, “ते खाली सोडा. मागून सांगतो.” निघताना त्यांनी माझ्या पिशवीत वांगी भरून दिली.

आठ दिवसांनी मी स्टाफरूममध्ये असताना त्यांचा फोन आला.

“मॅडम, त्या प्रश्नात नाव राह्यलं होतं ना?”

“हो, भाऊसाहेब. सांगा, लिहिते.”

“तुमचं लिहिलं तर चालते काय?”