वास न येणारी कॉफी

आई माझ्याकडे राहायला आली त्या दिवशी मी कॉफीची बरणी धुतली आणि तिच्यात मेथ्या भरल्या. त्याला आता सहा वर्षं झाली. वडील गेल्यावर वर्षभरानं आई भावकीतल्या बायकांबरोबर काशीला जाऊन आली होती. काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू तिथंच सोडायची आणि पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं कॉफी सोडली. तिनं सोडलेली वस्तू तिच्या नाकासमोर उकळत ठेवणं मला बरं दिसेना, म्हणून मी घरात कॉफी करणंच बंद केलं. मी वडवणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिथल्या कपाटात कॉफीची पाकिटं ठेवली आणि मधल्या सुट्टीत कागदी कपात गरम पाणी ओतून पिऊ लागले. त्याला कॉफी म्हणायचं असेल तर म्हणावं.

मला हवी होती ती वडिलांच्या हातची.

आमचं गाव नेकनूरच्या बाजूला. घरात चहा रोजचा, कॉफी फक्त एकादशीला. उपासाला चहा चालत नाही आणि कॉफी चालते, असं वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, ठरवून टाकलं होतं. याला आधार काय, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. विज्ञानाची पदवी घेतल्यावर मी विचारू शकले असते, पण विचारून कॉफी बंद झाली असती तर काय, म्हणून मीही गप्प बसले. एरवी चुलीच्या बाजूला न फिरकणारा हा माणूस एकादशीला सकाळी धोतर आवरून चुलीपुढं बसायचा. म्हशीचं दूध, त्यात साखर, बीडहून आणलेल्या डब्यातली पूड. उकळी आली की पातेलं उतरवायचं, परत ठेवायचं, परत उतरवायचं. मग जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि सहाणेवर जायफळाचे तीन वळसे. चौथा वळसा त्यांनी कधी घेतला नाही. त्या वासानं झोपलेली पोरं उठायची.

आम्ही भावंडं केवळ त्या कॉफीसाठी एकादशी धरायचो. कॉफी पोटात गेली की उपास संपल्यासारखाच असायचा. दुपार व्हायच्या आत कुणीतरी टोपल्यातली भाकरी काढायचं आणि मागच्या दारानं जाऊन खायचं. संध्याकाळी वडील विचारायचे, "अजून कुणाकुणाची एकादशी हाय?" आम्ही एकमेकांकडं बघायचो. ते पुढं काही न विचारता उरलेली कॉफी गरम करून सगळ्यांना अर्धा अर्धा कप द्यायचे.

आई उंबऱ्याजवळ बसून प्यायची. वडील विचारायचे, "कशी झाली?" ती म्हणायची, "चांगली." माझ्या देखत त्या दोघांचं एवढंच बोलणं व्हायचं. लग्न झालेली माणसं एकमेकांशी काय बोलतात, याची माझी कल्पना बरीच वर्षं तेवढीच होती, आणि ती मला वाईट वाटत नसे.

या उन्हाळ्यात माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती तिकडं नोकरी करते आणि नवीन काही खाल्लं की मला सांगते. या वेळी तिनं तिरामिसू खाल्लं होतं. इटलीचा गोड पदार्थ. कॉफीत बुडवलेली बिस्किटं, त्यावर चक्क्यासारखं काहीतरी, परत बिस्किटं, परत ते, आणि फ्रीजमध्ये थंड करायचं.

मी विचारलं, "कॉफी दुधात उकळायची?"

"नाही गं. पाण्यात कालवायची आणि गार करायची."

"घरभर वास येतो?"

"गार कॉफीचा कसला वास? आई, तुला करायचंय का लपवायचंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तिनं सगळं सांगितलं, मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि खोडायला बसले. अंडं खोडलं, आईच्या भांड्यांना ते चालत नाही. दारू खोडली. मस्कारपोने नावाचं चीज खोडलं, कारण वडवणीत ते मागितलं असतं तर किराणावाल्यानं औषधाच्या दुकानाकडं बोट दाखवलं असतं. लांबट बिस्किटं खोडून टोस्ट लिहिले. कोको पावडर मुलीनं पार्सलनं पाठवली. कागदावर शेवटी उरलं ते आमच्याच घरातलं होतं, फक्त क्रम वेगळा.

चक्का कसा करायचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं. शनिवारी म्हशीचं दही आईच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात बांधून नळाला टांगलं. रविवारी सकाळी आई मोरीकडं जाताना थांबली.

"श्रीखंड करायलीस का?"

"तसंच."

"कोण येणारंय?"

"कोणी नाही."

"मग कावून एवढा घाट?"

"खावं वाटलं."

"मग साखर हात आखडून टाकू नको," असं म्हणून ती गेली. मी खोटं बोलले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते. पन्नाशी उलटलेली बाई आईपासून पदार्थ लपवते, हे मला पटत नव्हतं. तरी दुसरा मार्ग दिसत नव्हता. समोर बघून मोह झाला आणि गंगेपुढं सोडलेली वस्तू माझ्यामुळं तिच्या तोंडात गेली असती, तर तिनं मला बोल लावला नसता, पण स्वतः उपास धरून बसली असती. ते मला बघवलं नसतं.

चक्का नुसता आंबट लागला असता, म्हणून त्यात साय फेटून घालायची होती. मुलगी म्हणाली होती, साय फुगली, उभी राहिली की थांब. मी आठवड्याची साय भांड्यात घेतली, रवी लावली आणि फिरवत राहिले. साय फुगली, उभी राहिली. हात काही थांबला नाही. लहानपणापासून माझ्या हाताला रवी एकाच ठिकाणी थांबवायची माहीत आहे, लोणी वर आल्यावर. लोण्याचा गोळा तरंगायला लागला तेव्हा मी भानावर आले. ते लोणी कढवून तूप केलं. मग डेअरीतून ताजी साय आणली आणि या वेळी रवीऐवजी काटा चमचा घेतला. त्याची हाताला सवय नसल्यामुळं तो वेळेवर थांबला.

दुपारी जेवणं झाली. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, शेताकडं गेले होते. आई पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवी झाली. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि शाळेतून आणलेली पाकिटं फोडली. कोमट पाण्यात पूड विरघळवली, साखर घातली. खरोखरच वास येत नव्हता. भांड्यात नाक घातलं तरच थोडा. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. टोस्ट कॉफीत किती बुडवायचा हे मुलीनं फोनवर घड्याळ लावून सांगितलं होतं, पण आमची अख्खी हयात चहात टोस्ट बुडवण्यात गेली आहे. कुठल्या क्षणी काढला नाही तर तो तळाला जातो, ते बोटांना कळतं.

डब्यात पहिला थर लागला. टोस्ट, त्यावर चक्का आणि साय. दुसऱ्या थरासाठी कॉफी कमी पडली. मी परत पाणी कोमट केलं, पूड घातली, साखर घातली, डब्यातून जायफळ काढलं आणि किसणीवर फिरवलं.

कागदावर जायफळ नव्हतं. इटलीत कुणी ते घालत असेल असं मला वाटत नाही. पण कॉफी म्हटली की शेवटी जायफळ, हे माझ्या डोक्याला न विचारता हातानं ठरवलं होतं. कोमट पाण्यात ते पडलं आणि ओट्यावरून थेट नेकनूरकडच्या त्या चुलीचा वास आला. मी भांड्यावर ताटली झाकली. वास कधीच दारापलीकडं गेला होता.

पुढच्या खोलीत खाट करकरली. दार उघडलं.

"कापी केलीस व्हय?" आई म्हणाली.

माझ्या हातात भिजलेला टोस्ट होता. "हो. तुझ्यासाठी नाही. तुला यातलं देणारच नव्हते."

"मी कुठं मागायले? पर दार लावून कावून करायलीस?"

"तू काशीला सोडलीस म्हणून. तुझ्यासमोर कशाला, म्हणून."

ती स्टूल ओढून बसली. तिनं डब्यातल्या थरांकडं वाकून बघितलं. मग म्हणाली, "म्हणून तुझ्या घरात कापी होत न्हाई? सहा वर्सं?"

"हो."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"अगं बाई, मला कापी कधी आवडलीच न्हाई," ती म्हणाली. "कडू ती कडू, वर जायफळानं डोकं जड. तिथं घाटावर सगळ्याजणी इचाराय लागल्या, काय सोडताव, काय सोडताव. एकीनं पेरू सोडला, एकीनं आंबा सोडला आन् तिथंच रडाय लागली. मी म्हणलं, कापी. समद्या म्हणल्या, बया, लई आवडीची सोडली."

"आवडीची सोडायची असते ना पण?"

"गंगंला काय ठावं मला काय आवडतंय?"

"आई, तू चाळीस वर्षं पीत होतीस. दादा विचारायचे कशी झाली, तू म्हणायचीस चांगली."

"मग काय म्हणायचं? माणूस पंधरा दिवसातनं एकडाव चुलीपुढं बसतोय, त्याला म्हणू वाईट झाली? पुन्हा बसला असता का?"

 एकादशीची ती सकाळ मी इतकी वर्षं मनात जपून ठेवली होती आणि तिच्यातली निम्मी माहिती चुकीची निघाली. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला. कागदी कपातल्या सहा वर्षांच्या कॉफीचा हिशेब कुणाकडं मागायचा?

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"तू कवा इचारलंस? मला वाटलं, तुमच्यात कापी पीतच न्हाईत."

मी दुसरा थर लावला. आता लपवायचं काही नव्हतं, तरी हात जरा जोरात चालत होता. वर चहाच्या गाळणीतून कोको भुरभुरला. आईनं विचारलं, "ही काय राख?" मी सांगितलं. पातेल्याच्या कडेला चक्का आणि साय उरली होती, ती वाटीत काढून तिच्यापुढं धरली. तिनं चमच्याकडं बघितलं.

"हा कापीतला हाय का?"

"आवडत नव्हती म्हणालीस ना आत्ता?"

"आवडत नव्हती ते येगळं. सोडली ते सोडली. गंगंपुढं बोललेय मी."

मी तिला धुतलेला चमचा दिला. तिनं वाटी संपवली आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलं. तिरामिसू फ्रीजमध्ये गेलं. मधे दोनदा लाईट गेली, त्यामुळं ते घट्ट व्हायला सोमवार उजाडला. मालकांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि गार टोस्ट असा शेरा दिला. मला पदार्थ बरा वाटला. चक्का किंचित आंबट होता, टोस्ट ठीकठाक भिजले होते, वरचा थर जायफळाचा आणि खालचा बिनजायफळाचा. वडिलांच्या कॉफीशी त्याचा संबंध जोडायचा तर ओढूनताणून जोडावा लागला असता. मुलीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, जमलंय की. जायफळाचं मी तिला सांगितलं नाही.

त्याआधी, रविवारीच संध्याकाळी, मी कॉफीच्या बरणीतल्या मेथ्या दुसऱ्या डब्यात ओतल्या. मग शेगडीवर दोन भांडी ठेवली. एकात आईचा चहा, दुसऱ्यात दूध आणि उरलेल्या पाकिटांतली पूड. दार सताड उघडं होतं. उकळी आली, मी उतरवलं, परत ठेवलं. आई स्टुलावर बसून बघत होती.

"ह्यांनी पयल्या डावाला चार चमचे पूड टाकलती," ती म्हणाली. ती वडिलांबद्दल बोलते आहे हे कळायला मला एक क्षण लागला. "चहावानीच. तुझ्या आज्जीचं काळीज धडधडाय लागलं. म्हणली, माझ्या लेकानं काय घातलं मला. शेजारच्या बायका गोळा झाल्या."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. वडील कॉफी करायला कुणाकडं शिकले, तो डबा पहिल्यांदा का आणला, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॉफीचं नाव काढायचं नाही म्हणता म्हणता या घरात वडिलांचंही नाव कुणी काढत नव्हतं. श्राद्धाला एकदा, तेवढंच. आईला त्रास नको म्हणून मी गप्प, आणि मी विचारत नाही म्हणून ती गप्प.

मी माझी कॉफी गाळून घेतली, तिला चहा दिला आणि समोर फरशीवर बसले.

"मग? आज्जीचं पुढं काय झालं?"

"सांगते की. दम धर," आई म्हणाली आणि कप खाली ठेवला. तिचा चहा मला दोनदा गरम करून द्यावा लागला.