दोन सडांची धार

पन्नासच्या दशकात व्यवसायोपचार, म्हणजे दुखावलेल्या हातापायांना पुन्हा कामाला लावण्याचं शास्त्र, शिकताना मी पिंपरीजवळच्या एका दवाखान्यात तीन महिने होते. तिथे रोज येणारे एक शेतकरी अजून आठवतात. उसाच्या चरकात सापडलेला त्यांचा उजवा हात मिटत नव्हता. मी काहीही सांगितलं की ते "व्हय बाई" म्हणत आणि लाकडी खुंट्या फळीच्या भोकांत बसवत राहत, नको असलेला चहा पाहुण्याने मुकाट्याने प्यावा तसे.

वहीत मी ऐटीत उद्दिष्ट लिहिलं होतं : पूर्ण मूठ.

एका सकाळी पाहते तर त्यांनी नर्सकडून जुना रबरी हातमोजा मागून घेतलेला. तो पाण्याने भरून खिडकीच्या गजाला टांगला होता, बोटांच्या टोकांना भोकं पाडली होती आणि खाली तांब्या ठेवून धार काढणं चाललं होतं. अंगठा तेवढा दोऱ्याने आवळून टाकलेला.

"अंगठा का बांधलात?"

"म्हशीला सड चारच असत्यात, बाई."

मी खाली बसले आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुम्हाला नेमकं काय जमायला हवंय?"

"दोन सडांची धार."

"चारही का नाही?"

"दोन आमची मंडळी काढंल. म्हशीच्या दोन अंगांना दोघं बसलो की तेवढंच बोलणं व्हतं."

मी "पूर्ण मूठ" खोडून "दोन सड" लिहिलं. तपासायला आलेल्या आमच्या सरांच्या भुवया वर गेल्या, पण मी ते तसंच ठेवलं.

उपचार संपल्यावर पंधरवड्याने ते तांब्या घेऊन आले. आत दूध अर्धंच होतं.

"पुरतं आणलं न्हाई," ते म्हणाले. "बाकीची धार मंडळीची हाय."