खडूची रेघ

मिस्त्रीने गाडीच्या तळपत्र्यावर खडूने रेघ मारली, तिच्याकडे पाहिलं आणि ओल्या फडक्याने पुसून टाकली. आठ दिवस हेच चाललं होतं. हातातलं दुसरं काम पुढे सरकत नव्हतं आणि गिऱ्हाइकांवर तो उगाच खेकसत होता.

लाल रंगाची ती दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाची, साहेबांची. तीस वर्षं मिस्त्रीनेच तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. परका स्क्रूसुद्धा लागू दिला नव्हता. साहेब गेले, आणि आता त्यांच्या पत्नी, बाई, म्हणत होत्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवा. ऑपरेशननंतर त्यांचा डावा गुडघा वाकेना, क्लच दाबता येईना. पण नवा गिअरबॉक्स मोठा. त्यासाठी दोन सीटमधला पत्रा कापावा लागणार होता, आणि एकदा कापला की गाडीचा अस्सलपणा संपला.

घरी बायकोपुढे त्याने पुन्हा तेच दळण सुरू केलं. ती म्हणाली, "तोंडात कवळी घालून अस्सलपणाच्या गोष्टी कसल्या करता?" मिस्त्रीने त्याच कवळीने भाकरी चावली. राग आलाच होता, पण कवळी काढून काही बोलता येत नव्हतं.

नवव्या दिवशी बाई स्वतः आल्या.

"बाई, अशा गाड्या आता शोधून सापडत नाहीत," त्याने सुरुवात केली. "तुमच्यासाठी मी ड्रायव्हर बघतो."

बाई गाडीत बसल्या. डावा पाय क्लचवर ठेवला. मग दोन्ही हातांनी स्वतःचाच गुडघा खाली दाबू लागल्या. दाबता दाबता ओठ पांढरे पडले. पाय घसरला.

"मिस्त्री, शेजारच्या सीटवर मी आयुष्यभर बसले," त्या म्हणाल्या. "साहेब होते म्हणून बसले. ड्रायव्हरशेजारी कशाला बसू?"

त्या दिवशी त्याने रेघ मारली ती पुसली नाही. कटर घेऊन रेघेवरून पत्रा कापला.

महिन्याभराने बाईंनी गाडी सुरू केली. आवाज थोडा निराळाच येत होता. तो त्याला अजिबात आवडला नाही. त्यांना थांबवावं म्हणून तो फाटकापर्यंत धावलासुद्धा, पण बाई वळून गेल्या होत्या.

"झालं का मनासारखं?" घरी बायकोने विचारलं.

"नाही," तो चप्पल काढता काढता म्हणाला. "बाईंना एक फेरी मारून परत या म्हटलं होतं. त्यांनी चार मारल्या. चारही वेळा फाटकासमोरून गेल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."