बटणचा आवाज

माझ्या मावशीला सगळे बटण म्हणतात. पडद्यावर तिचं नाव तेच यायचं, घरातही तेच राहिलं आणि पुढे तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवरही तेच रंगवलं गेलं. पाच ते अकरा या वयात तिनं चौदा सिनेमांत काम केलं, सगळे कृष्णधवल. मोठी झाल्यावर चौतीस वर्षं तिनं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. काय काम केलंत असं कुणी विचारलं, तर ती गाडीचं आधी सांगते.

सिनेमात ती गेली ती जेवणाच्या डब्यामुळे. माझे आजोबा स्टुडिओत सुतार होते. दुपारी आजी डबा घेऊन जायची आणि बटण तिचा पदर धरून मागे. एक दिवस सेटवर मोठ्या दिव्यांसमोर एक लहान मुलगी उभी केली होती आणि ती डोळे चोळत रडत होती. कंटाळलेल्या दिग्दर्शकानं सहज बटणला त्या जागी उभं केलं. तिनं पापणीसुद्धा लववली नाही. दिव्याकडे बघत म्हणाली, "हा एवढा तापतो कशानं?"

दिग्दर्शक खूश झाला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी मात्र कानांवरचे हेडफोन उतरवून ठेवले. "पोरगी दिसते साखरेसारखी आणि बोलते करवतीसारखी," ते म्हणाले. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. करवतीचा आवाज त्यांना आवडायचा.

यावर तोडगा निघाला कपडेपटात. तिथं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची सात वर्षांची मुलगी आईजवळ टाचण्यांचा डबा धरून बसलेली असायची, म्हणून तिला टाचणी म्हणत. तिचा आवाज गोड, स्वच्छ आणि न अडखळणारा. मग पद्धतच पडली. आधी बटणवर सिनेमा चित्रित व्हायचा. नंतर एका बंद खोलीत पडद्यावर बटणचे ओठ हलायचे आणि माइकसमोर स्टुलावर उभी राहून टाचणी बोलायची. बटण तिच्या शेजारी बसायची, कारण कुठल्या शब्दानंतर आपण श्वास घेतला होता हे तिलाच ठाऊक असायचं. ती टाचणीच्या दंडाला बोट लावून खूण करायची. सहा वर्षं दोघींनी असं काम केलं. टाचणीचं नाव पडद्यावर कधी आलं नाही.

एका सिनेमात बटणनं आजारी आईच्या मुलीचं काम केलं होतं. दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ती कमरेवर हात ठेवून सांगते, "घरी कुणी नाही, मीच आहे." या वाक्यानं लोकांना वेड लावलं. माणसं आपापल्या घरी दार उघडताना तेच म्हणायला लागली. मग समारंभांना बटणला बोलावणी येऊ लागली आणि पंचाईत झाली. पहिल्याच समारंभात एका शाळेतल्या मुलांनी हट्ट धरला, तिनं तोंड उघडलं आणि अख्खी शाळा हसली. स्टुडिओच्या मॅनेजरनं पुढे होऊन सांगितलं, "तिला सर्दी झाली आहे."

"तेव्हापासून शेवटच्या सिनेमापर्यंत माझी सर्दी गेली नाही," मावशी सांगते.

नवव्या वर्षानंतर ती भराभर उंच होऊ लागली. लहान मुलीचं काम करणारी मुलगी मोठी दिसायला लागली तर संपलंच. आजोबांनी त्यांच्या परीनं उपाय केला. तिच्या सेटवरची दारं ते वीतभर उंच करायचे, खुर्च्यांची बैठक वर घ्यायचे, टेबलं रुंद करायचे. त्या मोठ्या सामानात बटण पुन्हा लहान दिसायची. दोन वर्षं ही युक्ती चालली. मग एका दृश्यात ती नायकाच्या खांद्याला लागली. दिग्दर्शकानं आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "दार वाढवून देतो साहेब, नायक कसा वाढवू?"

तिथं सिनेमा संपला. घरात कुणी रडलं नाही. आजीनं दुसऱ्या आठवड्यात तिला शाळेत नेऊन बसवलं, वर्गात तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलींमध्ये. तिनं तो अभ्यास भरून काढला. स्टुडिओचा एक म्हातारा ट्रकचालक आजोबांचा मित्र होता. त्याच्याकडून ती गाडी शिकली आणि चोविसाव्या वर्षी एका जुन्या मोटारीवर तिनं स्वतःचं स्कूल काढलं. ज्या आवाजाला सगळे हसले, तो तिथं कामी आला. तिनं शेजारून "ब्रेक" म्हटलं की शिकणाऱ्याचा पाय विचार न करता खाली जायचा.

मावशी त्र्याहत्तर वर्षांची असताना तो गाजलेला सिनेमा स्वच्छ करून पुन्हा दाखवला गेला. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि एक संपादक तिच्या घरी आले. त्यांच्या प्रकाशनसंस्थेला तिच्या आठवणींचं पुस्तक हवं होतं.

"वाचकांना हरवलेल्या बालपणाबद्दल वाचायला आवडतं," ते म्हणाले.

"हरवलं असतं तर पोलिसांत गेले असते," मावशी म्हणाली. "मला ते नीट आठवतंय. जसं होतं तसं लिहीन."

लिहिणं म्हणजे ती बोलायची आणि मी टाइप करायची. दर शनिवारी दुपारी मी तिच्याकडे जात असे. शिकवायची सवय जाता जात नाही, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत ती म्हणायची, "थांब. जरा मागे घे. हं, आता सावकाश पुढे चल." आठ महिन्यांत चौदा प्रकरणं झाली. चौथं प्रकरण टाचणीचं होतं. आजवर ही गोष्ट तिनं जाहीरपणे कधी सांगितली नव्हती.

हस्तलिखित वाचून संपादक स्वतः आले.

"बाई, चौथं प्रकरण काढू या."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे, तीच तर अडचण आहे. लोक तुम्हाला त्या एका वाक्यामुळे ओळखतात. ते तुम्ही म्हटलंच नाही असं छापलं, तर पुस्तकात उरेल काय?"

"तेरा प्रकरणं."

संपादक हसले, पण हटले नाहीत. "बरं, ज्यांच्यासाठी तुम्ही एवढा आग्रह धरताय, त्या बाई कुठे आहेत? आहेत की नाहीत, हे तरी तुम्हाला माहीत आहे का?"

ते गेल्यावर मावशीनं कपबशा उचलल्या, धुतल्या आणि हात पुसत मला म्हणाली, "बरोबर बोलला तो. मला माहीत असायला पाहिजे होतं."

तीन आठवडे ती फोनला चिकटून होती. जुन्या रंगभूषाकाराच्या मुलीकडून एका नर्तिकेचा पत्ता मिळाला आणि नर्तिकेकडून टाचणीचा. टाचणीनं आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. आता ती चार तासांच्या अंतरावर मुलाकडे राहत होती. मी म्हटलं, आधी फोन कर. मावशीला ते पटलं नाही. "फोन ठेवून देणं फार सोपं असतं. दारात उभ्या माणसाला निदान बस म्हणावं लागतं." गाडी तिनंच चालवली. मी शेजारी बसून होते आणि वाटेत तीनदा माझं काही न चुकता बोलणी खाल्ली.

दार उघडलं ते सडपातळ, चष्मा लावलेल्या बाईंनी.

"मी बटण," मावशी म्हणाली.

"ते आवाजावरून कळलं," टाचणी म्हणाली. "बसा."

चहा आला. मावशीनं सरळ विषय काढला, पुस्तकाचं सांगितलं आणि चौथं प्रकरण तिच्यापुढे ठेवलं. टाचणीनं पेन्सिल घेऊन ते वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.

"साठ वर्षांनी आठवण झाली तुला?"

"आठवण होती. पण शोधायला निघाले नाही. ती चूक माझीच."

टाचणीनं पेन्सिल खाली ठेवली. "मुलगा दहा वर्षांचा असताना मी त्याला सांगितलं होतं, त्या सिनेमातला आवाज माझा आहे म्हणून. तो शाळेत सांगून आला. मुलं हसली त्याला. घरी येऊन म्हणाला, आई, खोटं कशाला बोलतेस? त्यानंतर मी पुन्हा तो विषय काढला नाही."

मावशी म्हणाली, "म्हणून तर छापायचं आहे."

"छाप. पण हे नको. चांगलं लिहिलंयस, तरी हे तुझं बोलणं आहे. माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायला नको मला. माझं मी लिहीन. आणि लिहीन ते तसंच्या तसं छापायचं, एक शब्द इकडचा तिकडे न करता."

"कबूल," मावशी म्हणाली.

महिन्याभरानं जाड पाकीट आलं. वळणदार अक्षरात बावीस पानं. स्टूल, माइक, दंडावरचं बोट, सगळं होतं. मावशीला न आठवणाऱ्याही कितीतरी गोष्टी होत्या. शेवटच्या दोन पानांवर मात्र माझी बोटं थांबली. बटण नऊ वर्षांची असताना एक पत्रकार स्टुडिओत आला होता. त्यानं टाचणीकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? बटण म्हणाली, "ही होय, ही टाचण्या धरायला येते." टाचणीच्या आईनं ते ऐकलं. घरी गेल्यावर ती लेकीला म्हणाली, "त्यात चुकलं काय तिचं? आपण तेच तर आहोत." पुढे लिहिलं होतं, "त्या दिवसापासून मी बटणशी फक्त कामापुरतं बोलले. तिच्या ते लक्षातही आलं नाही."

मी ती पानं मावशीच्या हातात दिली. तिनं दोनदा वाचली.

"आठवतं तुला हे?" मी विचारलं.

"नाही. आठवत नाही याचीच लाज वाटते. पण ती खोटं लिहिणार नाही. आणि त्या वयात मी असं बोलले असेन, हे मला पटतं. डोक्यात हवा गेलेली होती माझ्या."

"खाली तुझ्या दोन ओळी घालू या का?"

"तिनं काय सांगितलंय? एक शब्द इकडचा तिकडे नाही. टाइप कर."

मग तिनं टाचणीला फोन लावला. मी समोरच होते. "तुझं वाचलं," ती म्हणाली. "माझं चुकलं होतं. माफ कर मला." पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं नंतर सांगितलं. टाचणी म्हणाली, "माफी मागावीस म्हणून लिहिलं नव्हतं. पण मागितलीस ते बरं वाटलं."

प्रकाशकांनी पुन्हा कुरकुर केली. मावशीनं एकाच वाक्यात निकाल लावला: प्रकरण नको असेल तर हस्तलिखित परत द्या. दोन दिवसांनी संपादकांचा होकार आला. मुखपृष्ठावर दोघींची नावं हवीत, हा तिचा दुसरा आग्रह त्यांनी वाद न घालता मानला.

प्रकाशनाचा कार्यक्रम एका वाचनालयाच्या सभागृहात झाला. दीडेकशे माणसं होती. मावशी तिच्या त्याच घोगऱ्या आवाजात दहा मिनिटं बोलली आणि सर्दीच्या गोष्टीवर लोक पोट धरून हसले. मग टाचणीनं चौथं प्रकरण वाचायला घेतलं. पंचाहत्तरीचा आवाज थोडा कापत होता, पण दुसऱ्या पानापासून स्थिर झाला. पत्रकाराचा प्रसंगही तिनं वगळला नाही. मावशी तिच्याकडे बघत शेवटपर्यंत ताठ बसून होती.

टाचणीचा मुलगा तिसऱ्या रांगेत होता, पन्नाशीचा, टक्कल पडलेला. कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत मावशीकडे आला. "मावशी, आईचे किती सिनेमे आहेत?"

"चौदा. त्यातले नऊ आज पाहायला मिळतात. यादी देते."

त्यानं ती यादी खिशात न ठेवता हातातच धरली. पुढच्या रविवारपासून त्यानं घरी रोज एक सिनेमा लावला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की आई मधेच झोपली आणि उठून म्हणाली, संवाद फार रटाळ लिहिलेत. चौथ्या दिवशी त्यानं शेजाऱ्यांनाही बोलावलं, आणि घरातल्या खुर्च्या कमी पडल्या.